आक्षेपार्ह लाईनीतलं स्थळ

गेर्लिंगेन, मे महिन्यातला एक पावसाळी रविवार

तीर्थस्वरूप शशिकांत भाऊजींच्या चरणी धाकटा मेहुणा हृषिकेश याचा साष्टांग नमस्कार. (कंबरेतला मणका सरकल्यापासून आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली तीन मनोमन टेकली आहेत असं समजावं.) तुमचं ब्लडप्रेशर, ताईचा गुडघा आणि सोसायटीतला पाण्याच्या टाकीचा वाद, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. सध्या श्पार्गेलचे, म्हणजे पांढऱ्या शतावरीचे दिवस आहेत. आपण हापूसबद्दल ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात जर्मन माणूस तिच्याबद्दल बोलतो, आणि चव मात्र उकडलेल्या सुतळीची. ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवडाभर तीच खातोय. कौमुदी तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि मला सांगते, की भाऊजींना फापटपसारा आवडत नाही, मुद्द्यावर या. येतो.

तुम्ही अहवाल लेखी मागितलात. तोंडी सांगितलेलं ऐकायचं नाही हा वीज मंडळातला तुमचा नियम घरातही चालतो, हे मला माझ्या लग्नाच्या यादीपासून ठाऊक आहे. तेव्हा फाईल पूर्ण असावी म्हणून पहिल्यापासून मांडतो. पाडव्याला तनयाचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर ती म्हणाली, की बाबा, मला एक मुलगा आवडलाय. इथपर्यंत तुम्ही शांत होतात. (हे ताईचं म्हणणं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही शेवटपर्यंत शांत होतात.) तुम्ही विचारलंत, नाव काय त्याचं? ती म्हणाली, हो. तुम्ही पुन्हा विचारलंत, अगं, नाव काय? ती म्हणाली, तेच तर, काय. बापाने साधं नाव विचारावं आणि पोरीने उलट 'काय' म्हणावं! तरी तुम्ही ते गिळलंत आणि पुढचा प्रश्न टाकलात, की बरं, मुलगा कुठल्या लाईनीत आहे? ती म्हणाली, ऑफेन्सिव्ह लाईनमध्ये. लाईनमन आहे.

तिथे तुम्ही फोन ठेवलात आणि डिक्शनरी काढलीत. ऑफेन्सिव्ह म्हणजे आक्षेपार्ह, उद्धट, किळसवाणा. लाईनमन म्हणजे काय ते तुम्हाला डिक्शनरीने शिकवायची गरजच नव्हती. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होईपर्यंत तुम्ही उभा जन्म लाईनमन लोकांतच काढलात. तेव्हा निष्कर्ष असा निघाला, की एर्लांगेनला एम.एस. झालेली, हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेली आपली एकुलती एक तनया एका उद्धट लाईनमनच्या गळ्यात माळ घालणार. त्या दिवसापासून तुम्ही तिचा फोन उचललेला नाही. ती लावते, वाजून वाजून बंद होतो, आणि तुम्ही स्क्रीनवरचा तिचा फोटो विझेपर्यंत बघत बसता. हे मला ताईने सांगितलं. (ताईने सांगितलं हे मी सांगितलं असं कृपया ताईला सांगू नका.)

मग मला हुकूम झाला: तनयाला पत्ता लागू न देता मुलगा बघून ये आणि लेखी कळव. माझ्याकडे मुलाचं नाव नाही, फोटो नाही. ताईला टीमचं नाव तेवढं ओझरतं आठवत होतं, नेकार कायलर. नेकार ही इथली नदी आणि कायलर म्हणजे रानडुकराचा नर. हा अर्थ मी त्या वेळी तुम्हाला कळवला नव्हता, कारण तुमच्या ब्लडप्रेशरची मला काळजी होती.

आता आधी खेळ समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात. हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडू अंड्यासारखा असतो आणि पायाशी त्याचा संबंध क्वचितच येतो. तो अमेरिकनांचा आहे, आणि त्यांना जाब कोण विचारणार. हल्ली जर्मनीतही त्याच्या पगारी टीम आहेत (पगार बेताचा, त्यामुळे खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात). चढाई करणाऱ्या बाजूला ऑफेन्स म्हणतात. चढाईच्या वेळी पाच धिप्पाड माणसं सगळ्यांच्या पुढे खांद्याला खांदा लावून ओणवी होतात. ती ऑफेन्सिव्ह लाईन आणि त्यातला प्रत्येक जण लाईनमन. तेव्हा भाऊजी, यात आक्षेपार्ह कुणी नाही आणि खांबावर चढणाराही कुणी नाही. (निदान खेळताना तरी नाही.) पाचांच्या मागे क्वार्टरबॅक नावाचा एक देखणा इसम उभा असतो, पोस्टरवर फोटो त्याचा. समोरचे राक्षस त्याला आडवा करायला धावतात आणि आपले पाच त्यांना अडवतात. नीट अडवलं तर टाळ्या क्वार्टरबॅकला. एकदा चुकलं की मात्र अख्ख्या स्टेडियमला यांची नावं पाठ. दिवे गेल्याशिवाय लाईनमन कुणाला आठवत नाही, असं तुम्ही तुमच्या निरोप समारंभात म्हणाला होतात. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. ते मला त्या मैदानात बसल्याबसल्या आठवलं, ते का ते पुढे येईलच.

तर मोसम सुरू होण्याआधीचा टीमचा सराव बघायला लोकांना सोडतात असं कळलं आणि गेल्या शनिवारी आम्ही दोघं निघालो. कौमुदीने भल्या सकाळी मोठा स्टीलचा डबा भरून कांदेपोहे केले. मी म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, अहो, मुलगा बघायला जायचं तर पोहे नकोत? मी म्हटलं, ते त्यांनी आपल्याला द्यायचे असतात. ती म्हणाली, रानडुकरं काय पोहे करणार आहेत? हे बिनतोड होतं. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, आम्ही डबा आळीपाळीने मांडीवर घेतला आणि समोरच्या आजीबाईंनी फोडणीचा वास घेत तीन स्टेशनं आमच्याकडे बघितलं.

फाटकावर पहिला घोटाळा झाला. तिथल्या माणसाने विचारलं, आपण कुठे? माझं जर्मन कारखान्यात शिकलेलं. ऑफिसात माझं काम असेंब्ली लाईनी तपासायचं, आणि ऐन वेळी माझ्या तोंडून व्याकरणासकट अचूक जाणारं वाक्य एकच आहे: मी लाईन तपासायला आलोय. तेच गेलं. तो माणूस खाडकन उभा राहिला. क्लबने नव्या मोसमाआधी ऑफेन्सिव्ह लाईनचं मूल्यमापन करायला बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला होता, हे मला कसं कळणार? आख सो, डेअर प्र्युफर, असं म्हणून त्याने मला पिवळं जाकीट चढवलं. प्र्युफर म्हणजे तपासनीस. जर्मनीत तपासनिसाला ओळखपत्र कुणी मागत नाही, ते तपासनिसाने इतरांना मागायचं असतं. कौमुदीलाही जाकीट मिळालं, आणि डब्यात यंत्र असावं अशा समजुतीने तिथल्या दोघांनी तो जपून उचलून मैदानाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला.

मी खुलासा का केला नाही, असं तुम्ही विचाराल. करणार होतो. पण तेवढ्यात लाईनचे कोच हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रेंडले धावत आले, माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि म्हणाले, की गेल्या मोसमात आमचा क्वार्टरबॅक उभा कमी आणि आडवाच जास्त होता, तुम्हीच आता काय ते सांगा. इतक्या आशेने माझ्याकडे आमच्या प्लांट मॅनेजरनेही कधी पाहिलेलं नाही. शिवाय खुर्ची चांगली होती. आणि मुख्य म्हणजे पाचही लाईनमन माझ्यापुढे ओळीने उभे केले होते, वधूपक्षाला याहून काय हवं? मुलाकडचे मुलीला चालून दाखव म्हणतात, इथे मला पाच मुलगे पळून, वाकून, ढकलून दाखवत होते.

तुमच्या सूचनेप्रमाणे उजेडात आणि समोरून पाहिलं. डावीकडचा पहिला माल्टे, दातांच्या डॉक्टरकीला असलेला, उंच, गोरा, नम्र. कौमुदीने माझ्या कानात सांगितलं, हाच असू दे रे देवा. त्याच्या शेजारचे दोन मला सुरुवातीला वेगळे ओळखता आले नाहीत, म्हणजे मधला आणि त्याच्या डावीकडचा. दोघांना दाढी, दोघांना मान नाही. त्यांच्या उजवीकडच्याच्या हातावर देवनागरीत गोंदलेलं होतं. जवळ जाऊन वाचलं तर 'शांति', ऱ्हस्व! भाऊजी, तुम्ही सोसायटीच्या नोटिशीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेनने खुणा करणारे. तो जावई होऊन आला असता तर तुम्ही त्याच्या हातावरही केल्या असत्या. त्या दिवशी मैदानात खरोखर आक्षेपार्ह अशी ओळ मला तेवढी एकच आढळली. पाचवा अगदीच पोरगेला होता आणि दर दोन मिनिटांनी आईकडे बघत होता. आई तिथेच केळी घेऊन बसली होती.

आता यांतला आपला कुठला? तनयाला विचारायची चोरी. कोचला विचारावं तर तपासनीस हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारणार? मी गंभीर चेहऱ्याने टिपणं घेत होतो. (त्यात आठवड्याची भाजी लिहिली.) तेवढ्यात दुसरा घोटाळा झाला आणि त्याने सगळा निकालच लावला. या खेळात एक कडक नियम आहे: चेंडू हलायच्या आत लाईनमनने तसूभरही हलायचं नाही. हलला की दंड, टीम मागे. पाचही जण ओणवे, सगळीकडे शांतता, हेर ब्रेंडलेंनी श्वास रोखलेला, आणि कौमुदीच्या हातून डब्याचं झाकण सिमेंटवर पडलं. ते पडून थांबलं नाही, आपलं स्टीलचं झाकण जसं गोल गोल फिरत, वाजत, सगळ्यांना जागं करून मगच आडवं होतं, तसं झालं. चौघे उसळले. माल्टे तर पार पुढे जाऊन पडला. मधला, दाढीवाला, मान नसलेला, जागचा हलला नाही. चेंडूवर हात तसाच, नजर समोर. फक्त नाकपुड्या किंचित फुलल्या.

हेर ब्रेंडलेंना वाटलं की ती माझी चाचणी होती. ते हर्षाने म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, हाच आमचा रोग! मी मान डोलावली.

विश्रांतीत पाचही जण डब्याभोवती आले. मधल्याने डबा हातात घेतला, आधी चौघांना वाढलं, केळीवाल्या आईला दिलं, कोचना दिलं, तळाशी उरलेलं स्वतः घेतलं. एक घास खाल्ला, विचार केला आणि कौमुदीकडे वळून चक्क मराठीत म्हणाला, "मामी, छान. लिंबू पाहिजे." भाऊजी, कौमुदी पर्समध्ये लिंबू शोधायला लागली. मग तो माझ्याकडे वळला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार मामा. मी काय."

मला वाटलं वाक्य पुढे आहे. मी थांबलो. तोही थांबला. मी म्हटलं, तू काय? तो म्हणाला, "हो. काय." पाडव्यापासून आपल्या घरात जे महाभारत चाललंय ते माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मी त्या मैदानात पिवळं जाकीट घालून इतका हसलो, की मणका पुन्हा सरकला. भाऊजी, मुलाचं नाव 'काय' आहे. इकडे हे चांगलं, प्रतिष्ठित नाव आहे. पोरीने तुम्हाला उद्धट उत्तर दिलंच नव्हतं, तुम्ही नाव विचारलंत आणि तिने दोनदा नावच सांगितलं. खुलासा करायला तिने त्याच मिनिटाला परत फोन लावला होता. पुढचं तुम्ही जाणता.

झाकणाला तो दचकला का नाही, हेही मी विचारलं. तो म्हणाला, तनयाच्या स्वयंपाकघरात तसाच डबा आहे, रोज पडतो. त्याने आवाजावरूनच ओळखलं की मामा-मामी आले. (तेव्हा गुप्ततेचा भाग निकालात निघाला. तनया तिथेच होती, पलीकडे खेळाडूंच्या पायांची मापं घेत. याच्या रुंद पावलाला कुठलाच बूट होईना, त्यातूनच यांची ओळख. तिने आम्हाला फाटकातच पाहिलं होतं आणि आम्ही काय काय करतो ते बघत खांबाआड उभी होती.) ती पुढे आली तेव्हा मी मामा म्हणून रागावणार होतो. पण तिने पहिलाच प्रश्न विचारला, की बाबांची गोळी बदलली का, आणि रागावणं राहूनच गेलं. पोर वाळली आहे, भाऊजी. हसते पूर्वीसारखीच, पण मधेच फोन बघते.

तेवढ्यात हेर ब्रेंडले अहवाल मागायला आले. मी दीर्घ "आल्झो" म्हटलं (या शब्दाने जर्मनीत विचार करायला वेळ मिळतो) आणि प्रत्येक कारखान्यात प्रत्येक लाईनबद्दल जे सांगतो तेच सांगितलं: पाचही नग चांगले आहेत, पण अजून ते पाच नगच आहेत, त्यांची लाईन झालेली नाही, मधल्याचं बघून बाकीच्यांनी थांबायला शिकावं. कोचच्या डोळ्यांत पाणी आलं. खरा तज्ज्ञ एव्हाना फाटकावर तिकीट नाही म्हणून अडकला होता. मागून त्याला आत घेतलं तर त्याचं मतही शब्दशः तेच निघालं, फक्त त्याच्याजवळ स्लाईड्स होत्या. जाकीट मी परत केलं. खुर्ची त्याला द्यावी लागली.

तर आता निष्कर्ष. उंची भरपूर, रुंदी त्याहून जास्त. पत्रिका नाही; जन्मवेळ मात्र त्याच्या आईने फोनवर मिनिटासकट सांगितली, जर्मन आहे. व्यसन पोह्यांचं. मांसाहार करतो, पण तुमच्यासमोर करणार नाही असं आपण होऊन म्हणाला. नोकरी पक्की आहे, आपल्याकडच्या सरकारी नोकरीसारखीच म्हणा ना. तिचा तपशील मागाहून. आणि खेळाबद्दल माझं तज्ज्ञ मत विचाराल (आता मी तज्ज्ञ आहे, खऱ्या तज्ज्ञाचा दुजोरा आहे), तर हा लाईनीत मधोमध असतो, चेंडू पहिल्यांदा त्याच्याच हातात येतो आणि तो दर वेळी दुसऱ्याला देऊन टाकतो आणि मग मागच्या माणसाला कुणी हात लावू नये म्हणून स्वतः मार खातो. त्याचं नाव कुणी घेत नाही आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. मी पुष्कळ लाईनी तपासल्या. असा नग परत पाठवायचा नसतो. लग्नपत्रिकेवर 'चि. काय' असं छापून आलं तर प्रेसवाला फोन करून विचारणार की इथे काय छापायचं, तेवढी एक अडचण मला दिसते.

कमीजास्त लिहिलं असेल तर लहान समजून पोटात घाला. ताईला नमस्कार, टाकीवाल्यांना माघार घेऊ नका म्हणावं.

तुमचा आज्ञाधारक,
हृषिकेश

ता. क. कुणी येणार असेल तर जाडे पोहे पाठवा, जमतील तेवढे. लाईन पाच जणांची आहे आणि माल्टेने आता रोजच मागितले आहेत.

आणखी ता. क. लिंबाचं त्याला कुणी शिकवलं ते कौमुदीने घरी आल्यावर ताईकडून काढून घेतलं. तुम्ही गुरुवारी संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात जाता तेव्हा ताई व्हिडिओवर त्याची शिकवणी घेते. पोहे झाले, सध्या साबुदाण्याची खिचडी चालू आहे. म्हणजे तुम्ही आणि आम्ही दोघं सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि मला उगाच मणका सरकवून घ्यावा लागला. ताईवर रागावू नका, रागावलात तर ती खिचडी तुम्हाला मिळणार नाही.

शेवटचं ता. क. नोकरीचा तपशील राहिला. कसं लिहावं सुचेना म्हणून खाली ढकलला. तुम्हाला वर इतकं पटवून दिलं, की हा लाईनमन म्हणजे तो लाईनमन नव्हे. भाऊजी, तो तोही आहे. सोमवार ते शुक्रवार तो इथल्या वीज वितरणात असतो, ओव्हरहेड तारांवर. कमरेला पट्टा, हातात रबरी हातमोजे, खांबावर. म्हणजे फोन ठेवताना तुम्ही जे समजलात ते बरोबरच होतं, आणि त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. पण यात माझ्या मते मुलीचा दोष नाही. लहानपणापासून जिने घरात जेवताना लाईनमनच्याच गोष्टी ऐकल्या, कोण वादळात चढला, कोण पुरात, आणि त्या सांगताना बापाचा आवाज कसा भरून येतो ते पाहिलं, तिने दुसरं कोण शोधावं?

त्याने तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय. तनयाने त्याला सांगितलं, की खांबावरचा माणूस उतरला असं कळून भागत नसे. तुम्ही स्वतः जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत होतात आणि मगच लाईन चालू करायला सांगत होतात. त्याला विचारायचंय, की हे मंडळाच्या नियमात होतं की तुमचं तुम्ही करत होतात? इकडच्या नियमात ते नाही, आणि त्याला ते आपल्या टोळीत सुरू करायचंय. मला उत्तर माहीत नाही. तनयालाही नाही. ते तुम्हीच सांगू शकता आणि या बाबतीत तोंडी चालेल. पुढच्या रविवारी तुमच्या चहाच्या वेळेला फोन येईल. नंबर तनयाचाच असेल. उचला.